पहिला चीक वासराचा

त्या दिवशी वॉटर बाथमधून काचेची नळी काढली, पुसली आणि उलटी धरली. आतलं काही सांडलं नाही. दोन वर्षं ज्या पांढऱ्या भुकटीच्या मागे आम्ही होतो, तिचं दहा टक्क्यांचं द्रावण करून, चिमूटभर मीठ घालून, ८५ अंशांवर अर्धा तास ठेवलं होतं. ते थिजलं होतं. काचकांडीच्या टोकानं वरून हलकंच दाबलं तर थरथरलं, पण मोडलं नाही. कडेनं पाण्याचा एक थेंब तेवढा सुटला. माझ्या तोंडून शब्द गेला, "खरवस!"

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बंगाली मैत्रिणीला हा शब्द नवा होता. मग तिला चीक म्हणजे काय, तो वाफवला की कसा लागतो, गुळाचा कसा आणि साखरेचा कसा, हे सगळं सांगत बसले. सांगता सांगता लक्षात आलं, की नळीतल्या त्या पदार्थाला कोणत्याही गायीचा हात, म्हणजे कास, लागलेली नव्हती. ते प्रथिन गायीचंच होतं, अगदी शेवटच्या दुव्यापर्यंत. पण बनवलं होतं एका बुरशीनं, स्टीलच्या टाकीत, पुण्यात.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. लहानपणी गाय व्यायली की आम्हा पोरांचं सगळं लक्ष खरवसाकडे. आज्जी मात्र त्या रात्री वासराजवळून हलायची नाही. गोणपाटानं त्याचं अंग खसखसा पुसायची, नाकातोंडातला चिकट पडदा बोटानं काढायची आणि ते धडपडत उभं राहिलं की स्वतः त्याचं तोंड सडाला लावायची. तोवर चरवी गोठ्यात आणायची कुणाची टाप नव्हती. "पहिला चीक वासराचा," ती म्हणायची. "त्याचं पोट भरून राहिला तर आपला." खरवस व्हायचा तो दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा, थोडं साधं दूध मिसळून, वेलदोडा घालून, डब्यात वाफवलेला. शेजारीपाजारी वाट्या जायच्या आणि त्या वाट्या रिकाम्या परत यायच्या नाहीत.

आज्जीचा नियम मला तेव्हा देवधर्माचा वाटायचा. कॉलेजात शिकले तेव्हा कळलं, की तो वासराच्या जिवाचा होता. माणसाचं मूल पोटात असतानाच आईच्या रक्तातून रोगांशी लढणारी प्रतिपिंडं घेऊन येतं. गायीच्या वारेतून ती पलीकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं ते निःशस्त्र. त्याला जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतड्याची ती दारं मिटतात, मग कितीही पाजा, प्रतिपिंडं रक्तात उतरत नाहीत. म्हणून पहिल्या धारेच्या चिकात प्रथिनं नेहमीच्या दुधाच्या चौपट आणि त्यातली बरीचशी ही प्रतिपिंडं. तीच आचेवर थिजतात. दुधातलं मुख्य प्रथिन केसिन, ते उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे दूध उकळून उतू जातं आणि चीक त्याच आचेवर घट्ट बसतो. आम्ही गूळ घालून खात होतो ती वासराची ढाल होती.

नळीत थिजलं होतं ते प्रथिन वेगळं, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. केसिन काढून घेतल्यावर जी निवळी उरते, तिच्यातलं हे सर्वांत जास्त असणारं प्रथिन. १६२ अमिनो आम्लांची एक साखळी. माणसाच्या आईच्या दुधात ते नसतं, गायीच्या दुधात असतं. तेही ७० अंशांच्या पुढे उलगडतं, एकमेकांत गुंततं आणि पुरेसं दाट असेल तर थिजतं. बुरशीनं बनवलेलं प्रथिन गायीच्या प्रथिनासारखंच वागलं, याचा आनंद मला त्या थरथरण्यात झाला होता. यंत्रानं काढलेले आलेख आधीच सांगत होते की रेणू तोच आहे. पण मी गोठ्यातली मुलगी, मला ते थिजलेलं बघूनच पटलं.

आता या बुरशीविषयी, कारण तिची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजून जाऊ लागले. सैन्यानं कुजलेल्या कापडावरच्या बुरश्या गोळा करून आणल्या. त्यातली एक कापसाचा सेल्युलोज खाऊन टाकण्यात सगळ्यांच्या वरताण निघाली. पुढे तिचा अभ्यास करणाऱ्या एल्विन रीस यांच्यावरून तिला ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळालं. ती खाते कशी, तर आपल्यासारखं तोंडात घालून नाही. सेल्युलोज तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, ती अंगाबाहेर सोडते, ओतते म्हटलं तरी चालेल. कारखान्यात वाढवलेले तिचे वाण एका लिटरमागे १०० ग्रॅमच्या पुढेही प्रथिन बाहेर टाकतात. बाहेर टाकण्याचं हे कसब आम्हाला हवं असतं. जनुकाची जी कळ दाबली की तिची विकरं वाहू लागतात, त्या कळीमागे गायीच्या प्रथिनाचं जनुक जोडायचं. गायीला हातही लावावा लागत नाही. जनुकाची अक्षरं माहीत आहेत, ती जुळवून डीएनए करून मिळतो. मग बुरशी तंबू कुजवायचं विकर सोडावं तसं दुधातलं प्रथिन सोडत राहते.

टाकीजवळ उभं राहिलं की ओल्या मातीचा आणि अळिंबीचा मिसळलेला वास येतो. काचेच्या खिडकीतून दिसतो तो दाट, पिवळसर रस्सा आणि त्यावर फेस. त्या फेसानं माझ्या किती रात्री खाल्ल्या आहेत! हवा जास्त सोडली की फेस, कमी सोडली की बुरशी गुदमरते. पाच-सहा दिवसांनी तो रस्सा गाळायचा, बुरशी सगळी बाजूला काढायची, राहिलेलं पाणी बारीक जाळीच्या पडद्यातून दाबून प्रथिन गोळा करायचं आणि सुकवायचं. हा शेवटचा भाग कोणत्याही मोठ्या दूध संघात निवळीची पावडर करतात तसाच, पडदेसुद्धा त्याच जातीचे.

हे काम जगात आम्हीच पहिल्यांदा करतो आहोत असं मुळीच नाही. रायन पंड्या आणि पेरुमल गांधी या दोन तरुणांनी २०१४ मध्ये जी कंपनी काढली, तीच पुढे परफेक्ट डे झाली. त्यांनी याच बुरशीकडून हेच प्रथिन बनवून घेतलं, २०१९ मध्ये त्याचं आइस्क्रीम थोडंसं विकून पाहिलं आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्यावर आपली काही हरकत नसल्याचं कळवलं. इस्रायलच्या रीमिल्कनं हेच प्रथिन यीस्टकडून बनवून घेतलं, त्यांना २०२३ मध्ये त्यांच्या देशात परवानगी मिळाली. आपल्याकडे सुरतेत आणि बंगळुरात हे प्रयत्न चालू आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या जैवतंत्रज्ञान धोरणातही अशा प्रथिनांना जागा आहे.

पण मला या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट जास्त जवळची वाटते, आणि ती पुन्हा वासराचीच आहे. चीज करायचं तर दूध आंबवून फाडून भागत नाही, ते गोडच असताना बसवावं लागतं. त्यासाठी जे विकर लागतं, कायमोसिन, ते दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटात असतं. प्यायलेलं दूध पोटात बसावं, रेंगाळावं आणि नीट पचावं म्हणून. शेकडो वर्षं युरोपात ते मिळवायचं तर वासरू मारून त्याच्या पोटातूनच. मार्च १९९० मध्ये अमेरिकेनं जनुक घातलेल्या जिवाणूकडून बनवलेलं कायमोसिन अन्नात वापरायला मान्यता दिली. या तंत्रानं बनलेला आणि अन्नात मान्य झालेला तो पहिला घटक. आज अमेरिकेतलं बहुतेक चीज अशा कायमोसिनवर होतं. त्याआधी १९८२ मध्ये इन्सुलिन असंच आलं होतं, तोवर ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. कॉलेजात हे शिकवताना आमच्या सरांनी फळ्यावर दोन ओळीत उरकलं. मी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. त्या वहीमुळे मी या क्षेत्रात आले, असं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

आता माझ्या मनातली खरी अडचण सांगते. निवळीचं प्रथिन बनवून गायीचं किंवा वासराचं फारसं काही हलत नाही. निवळी ही चीज आणि पनीर करताना उरणारी वस्तू. एके काळी ती ओढ्यात सोडून देत, आता तिचीच पावडर व्यायामशाळेतली मुलं डबे भरभरून घेतात. जोवर पनीर आहे तोवर निवळी आहेच. खरं काही बदलायचं असेल तर केसिन जमलं पाहिजे, कारण दही, पनीर, चीज, खवा सगळा खेळ केसिनचा. आणि केसिन सहज हाती लागत नाही.

गायीच्या दुधात प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यातलं शंभरात ऐंशी केसिन. ते चार प्रकारचं असतं आणि सुटं सुटं राहत नाही. हजारो रेणू मिळून एक गोळा होतो. मिलिमीटरचे पाच-सहा हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढा. आत कॅल्शियम फॉस्फेटचे कण गाठींसारखे धरलेले, बाहेर त्या चारांतल्या एकाची, कप्पा-केसिनची, लव. ही लव असते म्हणून गोळे एकमेकांना चिकटत नाहीत आणि दूध पातळ राहतं. सगळी साय काढून घेतली तरी दूध पांढरंच दिसतं, तो पांढरेपणा या गोळ्यांवरून विखुरलेल्या उजेडाचा. कायमोसिन नेमकी ही लव कापतं, कप्पा-केसिनच्या १०५ आणि १०६ क्रमांकाच्या दुव्यांमध्ये, आणि गोळे एकमेकांना धरतात. दह्याच्या आंबटपणानं तेच होतं, वेगळ्या वाटेनं.

गाठी धरायच्या तर केसिनच्या साखळीवर ठरावीक जागी फॉस्फेट असावं लागतं. एका प्रकारावर आठ, दुसऱ्यावर पाच. गायीच्या कासेतल्या पेशीत एक विकर हे काम बिनबोभाट करतं. यीस्टला ना ते कळतं ना बुरशीला. मग ते विकरही त्यांच्यात घाला, चारही केसिन हव्या त्या प्रमाणात बनवून घ्या, कॅल्शियम आणि फॉस्फेट योग्य क्रमानं मिसळा, आणि गोळा बसतो का ते बघत बसा. आम्ही केलेल्या एका घाण्यात नळीच्या तळाशी नुसता चुन्यासारखा गाळ बसला. दुसऱ्यात पांढरं झालं, मनाजोगतं दिसलं, विरजण लावलं. सकाळी वर पाणी, खाली रवा. दही नव्हे.

त्या सकाळी मी घरी येऊन मुद्दाम दोन भांड्यांत दही लावलं. एकात कच्चं दूध नुसतं कोमट केलेलं, दुसऱ्यात चांगलं उकळून कोमट केलेलं. दोन्हीत विरजण सारखंच, चमचाभर. कच्च्या दुधाचं दही लागलं, पण चमचा घातला की फाटलं, पाणी सुटलं. उकळलेल्याचं घट्ट, कवडीसारखं. उकळताना निवळीतलं तेच बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडून केसिनच्या गोळ्यांवर जाऊन बसतं, मग गोळे एकमेकांना जास्त ठिकाणी धरतात आणि पाणी अडून राहतं. आमची आज्जी शाळेत गेली नव्हती. पण "दूध तापलं नाय तर दही फुटकं लागतंय" हे ती सुनांना सांगून गेली. ज्या दोन प्रथिनांची गाठ मी दोन टाक्यांमधून आणून घालू पाहते आहे, ती आमच्या चुलीवर रोज पडत होती.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण मला ती वारंवार विचारली जाते. या प्रथिनात दुधातली साखर नसते, त्यामुळे दूध पचत नाही म्हणणाऱ्यांना ते चालेल. पण ज्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. प्रथिन गायीचंच आहे आणि अ‍ॅलर्जी येते ती प्रथिनाचीच. आमच्या सोसायटीतल्या एका आईनं मोठ्या आशेनं मुलाविषयी विचारलं होतं, तिला नाही म्हणताना वाईट वाटलं. पण गाय नाही म्हणजे दूध नाही असं समजून कुणी डबा उघडला तर जिवावर बेतेल. पाकिटावर हे ठळक अक्षरांत असलंच पाहिजे. आणि पाकिटावर दूध हा शब्द मात्र नको, असं माझं मत. दूध म्हणजे कासेतून आलेलं, कायदाही तेच म्हणतो. टाकीतून येतं ते एक प्रथिन, निवडून घेतलेलं, स्वच्छ, पण एकटं.

गावाकडे दादाच्या गोठ्यात तीन होलस्टीन गायी आणि एक म्हैस. धार वहिनी काढते, डेअरीवर तीच घालते. दर दहा दिवसांनी बिल येतं ते तिच्या खात्यावर. ऊस वर्षातून एकदा जातो आणि त्याचे पैसे आधी सोसायटीच्या कर्जाला. घरातला किराणा, मुलीची फी, माहेरी जायचं भाडं हे दुधाचं. साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागलं तर पूर्ण दर, पॉइंट खाली आला की कपात. दर पडले तेव्हा सरकारला २०२४ मध्ये लिटरमागे पाच रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं, इतकी ती गणितं नाजूक. आमच्या भुकटीचा भाव एक दिवस खाली येईल. यावा यासाठीच मी रात्री जागते. तेव्हा मोठ्या कंपन्या बिस्किटांत आणि आइस्क्रीममध्ये दूध पावडरीऐवजी ती घालतील, पावडरीचा भाव पडेल, आणि पावडर पडली की वहिनीचा दर पडतो हे मी दोनदा पाहिलेलं आहे. मी ज्या कामावर प्रेम करते त्याचा पहिला फटका तिच्या पासबुकावर बसू शकतो. हे मला माहीत असून मी काम करते आहे, आणि तिच्यापासून ते लपवलेलं नाही.

कारण दुसऱ्या बाजूला गोऱ्हा आहे. पूर्वी गोऱ्हा झाला की पेढे वाटत. दोन वर्षांत तो औताला लागायचा. आता ट्रॅक्टर आहे आणि होलस्टीनच्या गोऱ्ह्याला वशिंडच नसतं, जू ठरत नाही. १९७६ च्या कायद्यानं गाय कापायला बंदी होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. बंदी आली, पण त्या जनावराच्या वैरणीची सोय कुणी केली नाही. रात्री टेम्पोत घालून लांबच्या फाट्यावर सोडलेले गोऱ्हे मी पाहिलेत. काही घरांत त्यांना चीकच पाजत नाहीत. मुद्दाम मारत नाहीत, नुसतं पाजत नाहीत. दोन-तीन दिवसांत हगवण लागते आणि प्रश्न मिटतो. शंभरात नव्वद कालवडी होतील अशा वीर्यकांड्या आता मिळतात, त्यानं काही जीव वाचतील. पण दूध हवं तर गाय व्यायलाच हवी, आणि व्यायली की वासराचं काय, हा प्रश्न आपल्या प्रत्येक चहाच्या कपात आहे. मी दूध पिते. दही तर रोज. तरीही हा प्रश्न मला सुटत नाही, म्हणून केसिन.

गेल्या दिवाळीत घरी होते. अंगणात दादा उसाचे वाढे कुट्टी यंत्रात घालत होता. विचारलं त्यानं, "तुमच्या टाकीला वैरण काय लागतीय?"

"साखर," मी म्हटलं. "नाहीतर मळी."

"म्हंजे आमचाच ऊस."

"हो की."

"आन् वाढं?"

मी गप्प झाले. त्या बुरशीचं मूळ अन्न वाढंच, सेल्युलोज. पण टाकीत ते घालायचं तर आधी शिजवून, तोडून त्याची साखर करावी लागते आणि त्याचा खर्च झेपत नाही. त्यामुळे तंबू खाणाऱ्या बुरशीला आम्ही साखर भरवतो. गाय मात्र वाढं खाते. तिच्या पोटातले जिवाणू ते कुजवतात आणि त्याचं दूध होतं, मध्ये मिथेन ढेकरांतून हवेत जातो तो जातोच. "वाढं नाही चालत अजून," मी म्हणाले.

"मग ते आम्ही पेटवायचं का?" दादानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याच रात्री दोनच्या सुमारास मोठी गाय व्यायली. वहिनीनं मला उठवलं. बॅटरीच्या उजेडात ओलं, काळंपांढरं वासरू गोणपाटावर पडलेलं. तिनं शेपूट उचलून पाहिलं आणि काही बोलली नाही. मला कळलं. तिनं त्याचं अंग पुसायला घेतलं, आज्जी पुसायची तसंच खसखसा, आणि मला म्हणाली, "बाटली धुऊन आणा वन्सं, त्याला उभं राहायला जमंना."

मी बाटली आणली. तिनं चारी सडांच्या दोन-दोन धारा जमिनीवर सोडल्या आणि मग बाटलीत काढायला लागली. चीक पिवळाजर्द, तेलासारखा दाट, बाटलीच्या काचेवरून सावकाश उतरणारा. माझ्या हातात आजवर आलेल्या कोणत्याही नळीत असा रंग नव्हता. गोऱ्ह्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बाटलीचं निपल त्याच्या ओठाला लावलं. आधी माझं बोट चोखलं, खरखरीत जिभेनं, मग सापडलं त्याला. दोन लिटरची बाटली त्यानं अर्ध्या तासात संपवली.

दादा दाराशी उभा होता. "गोऱ्हा?" त्यानं विचारलं.

वहिनीनं मान हलवली.

"ठेवू," तो म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत बघू."

वहिनी दुसरी बाटली भरत होती.